वादळाचा आकडा आणि पाण्याचा हिशेब

२०२४ साली गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती. आपल्या घरांतून मोदकांची गडबड चालली होती, त्याच दिवशी ‘यागी’ नावाचे टायफून व्हिएतनामच्या उत्तर किनाऱ्यावर धडकले. नवरात्रात, ९ ऑक्टोबरच्या रात्री, ‘मिल्टन’ फ्लोरिडावर आले. नरकचतुर्दशीला, ३१ ऑक्टोबरला, ‘काँग-रे’ तैवानवर गेले. पंचांग आणि वादळांची यादी शेजारी ठेवून पाहा. गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा आपला सणांचा काळ हाच अटलांटिक आणि प्रशांत महासागरातल्या वादळांचा ऐन हंगाम असतो. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया आणि कॅरोलायनात राहतात. दिवाळी अंकात वादळाचा विषय म्हणूनच अस्थानी नाही.

आणि २०२४ हे वर्ष एक गोष्ट शिकवून गेले. वादळ येते तेव्हा आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, “कॅटेगरी किती?” त्या वर्षी ज्यांचे जीव गेले, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर उपयोगाचे नव्हते.

आकडा काय सांगतो?

मुलांना समजावून सांगताना आधी नावांचा घोळ मिटवा. हरिकेन, टायफून आणि सायक्लोन ही एकाच जातीची वादळे आहेत. अटलांटिकमध्ये आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या समुद्रात त्याला हरिकेन म्हणतात, जपान-फिलिपिन्सकडे टायफून, आणि हिंदी महासागरात सायक्लोन, म्हणजे आपले चक्रीवादळ. समुद्राचे पाणी साधारण २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले, हवेत भरपूर बाष्प असले आणि खालच्या व वरच्या थरांतल्या वाऱ्यांत फार फरक नसला, की ढगांचा पुंजका पृथ्वीच्या परिवलनामुळे गरगरू लागतो. उत्तर गोलार्धात तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, दक्षिणेत काट्यांबरोबर. कोकणात ऐन पावसाळ्यात सहसा चक्रीवादळ का येत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. मोसमी पाऊस जोरात असताना खालचे वारे एका दिशेने आणि वरचे दुसऱ्या दिशेने वाहतात आणि वादळाची वीण बसू देत नाहीत.

अमेरिकेत वापरली जाणारी एक ते पाच ही मोजपट्टी हर्बर्ट सॅफर हे इंजिनियर आणि रॉबर्ट सिम्प्सन हे हवामानशास्त्रज्ञ यांनी घडवली. २०१० पासून ती निव्वळ वाऱ्याच्या वेगावर चालते. ताशी ७४ मैलांना एक, १५७ मैलांना पाच. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत येईल, वादळ एका जागी किती तास रेंगाळेल, यांतले काहीही त्या आकड्यात नाही. वर्ष २०२४ कसे गेले ते या मोजपट्टीबाहेर जाऊनच पाहावे लागते.

एक नंबरचे ‘बेरिल’

मे महिन्यात अमेरिकेच्या हवामान खात्याने अटलांटिकमध्ये १७ ते २५ वादळांना नावे द्यावी लागतील, असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात १८ झाली. त्यांतली ११ हरिकेन झाली आणि ५ मोठी, म्हणजे कॅटेगरी तीन किंवा त्यावरची. अंदाज बरोबर आला, पण हंगाम विचित्र चालला. जुलैच्या सुरुवातीलाच ‘बेरिल’ कॅटेगरी पाचला पोचले. अटलांटिकमध्ये इतक्या लवकर असे होण्याची नोंदीतली ही पहिलीच वेळ. १ जुलैला त्याने ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावर क्वचितच एखादे छप्पर शिल्लक ठेवले.

आठ दिवसांनी तेच बेरिल टेक्सासच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा ते कॅटेगरी एक होते. “एकच ना?” असे वाटावे. पण ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि काही भागांत ती आठवडाभर आली नाही. बाहेर जुलैचा उकाडा, आत एसी बंद. वादळ निघून गेल्यावर काही माणसे उष्माघाताने गेली. भारतातून उन्हाळ्यात आलेले आईवडील ज्यांच्या घरी असतात, त्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. औषधे, इन्सुलिनसाठी थंडावा आणि रात्री टेकायला एखादी गार जागा, यांची सोय वादळ येण्याआधी व्हायला हवी.

डोंगरात पोचलेला समुद्र

ऑगस्टच्या मध्यापासून तीन-चार आठवडे अटलांटिक जवळजवळ शांत राहिला. मग २६ सप्टेंबरच्या रात्री ‘हेलीन’ फ्लोरिडाच्या बिग बेंड भागात ताशी १४० मैलांच्या वाऱ्यांनिशी, कॅटेगरी चार होऊन, जमिनीवर आले. टीव्हीवर सगळे कॅमेरे किनाऱ्याकडे होते. समुद्राचे उधाण तिथे भयंकर होतेच. पण सर्वाधिक बळी गेले ते नॉर्थ कॅरोलायनात, आणि तेही डोंगरात.

अ‍ॅशव्हिल हे गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे. सर्वांत जवळचा समुद्रही तिथून दोनशेहून अधिक मैल दूर. हवामान बदलाच्या काळात निर्धास्त राहण्याजोगे गाव, अशी त्याची ख्याती होती. हेलीन येण्याच्या आधीच तिथे दोन दिवस पाऊस कोसळून जमीन भिजून चिंब झाली होती. त्यावर वादळाने समुद्रातून आणलेले बाष्प डोंगरांना अडून रिते झाले. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मोसमी ढग अडून जसे कोसळतात, तसाच हा प्रकार. काही ठिकाणी तीन दिवसांत ३० इंचांच्या आसपास पाऊस पडला. फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या महापुराची पातळी ओलांडली. दोन हजारांहून अधिक ठिकाणी दरडी कोसळल्या. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून अधिक माणसे गेली, आणि सर्व राज्यांत मिळून अडीचशेच्या आसपास. २००५ च्या ‘कतरिना’नंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर इतके बळी घेणारे वादळ झाले नव्हते. अ‍ॅशव्हिलच्या नळांना पिण्याजोगे पाणी यायला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला.

अ‍ॅशव्हिलमधल्या माणसाने कॅटेगरी विचारली असती, तर काय उत्तर मिळाले असते? हेलीन तिथवर पोचले तेव्हा ते हरिकेन उरलेच नव्हते.

मिल्टनची तऱ्हा आणखी वेगळी. मेक्सिकोच्या आखातात एका दिवसात त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी ९० मैलांहून अधिक वाढला आणि ७ ऑक्टोबरला ते १८० मैलांवर गेले. किनाऱ्याला लागेपर्यंत ते कॅटेगरी तीनवर उतरले. टँपाच्या लोकांनी ज्या उधाणाची धास्ती घेतली होती ते आलेच नाही, कारण वादळाचा केंद्रबिंदू थोडा दक्षिणेला, सिएस्टा की इथे लागला. त्यामुळे टँपाच्या खाडीत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि पाणी उलट ओढले गेले. केंद्र थोडे उत्तरेला लागले असते, तर तोच वारा समुद्र शहरात घेऊन आला असता. जवळच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये मात्र एका दिवसात १८ इंच पाऊस झाला. आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिकच्या बाजूच्या सेंट लुसी काउंटीत, मिल्टनचे केंद्र अजून समुद्रात असतानाच त्याच्या बाहेरच्या ढगांतून निघालेल्या टोर्नेडोने सहा जणांचा बळी घेतला.

इतर किनारे

यागीची कथा हेलीनसारखीच आहे. किनाऱ्यावर वाऱ्याने नासधूस केली, पण बहुतेक बळी पुढच्या काही दिवसांत उत्तर व्हिएतनामच्या डोंगराळ भागात पुराने आणि दरडींनी घेतले. म्यानमारपर्यंत तर ते वादळ म्हणून पोचलेच नाही. त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी तिथे चारशेहून अधिक माणसे नेली. नोव्हेंबरमध्ये पश्चिम प्रशांत महासागरात एकाच वेळी चार वादळे फिरत होती. १९५१ पासूनच्या नोंदींत नोव्हेंबरात असे कधी झाले नव्हते. फिलिपिन्सवर तर महिन्याभरात सहा वादळांची झळ पोचली.

भारताच्या पूर्व किनाऱ्यावर ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ ‘फेंगल’ आले. वाऱ्याच्या हिशेबात ते किरकोळच. अमेरिकेत त्याला कॅटेगरी एकही मिळाली नसती. पण ते तासन्‌तास जागचे हलेना, आणि चोवीस तासांत पुदुच्चेरीत ४० सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यापासून दूर, तिरुवण्णामलैच्या टेकडीवरून दरड कोसळून एका वस्तीतले सात जण गाडले गेले.

याच वर्षाने एक दिलासाही दिला. ऑक्टोबरच्या २५ तारखेला पहाटे ‘दाना’ ओडिशाच्या धामरा-भितरकनिका भागात आले. त्याआधी सरकारने पाच लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित जागी हलवले होते. वादळात एकही बळी गेला नाही, असे राज्य सरकारने जाहीर केले. हीच ती ओडिशा, जिथे १९९९ च्या महाचक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास माणसे नेली होती. दाना त्या वादळाच्या तुलनेत बरेच दुबळे होते, हे खरे. पण मधल्या पंचवीस वर्षांत तिथे किनाऱ्याकाठी निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, आणि लोकांना सूचना ऐकण्याची सवय लागली. आधीच्या मोठ्या वादळांतही त्याचा प्रत्यय आला आहे.

सूचना ऐकण्यासाठी विश्वास लागतो. दत्तजयंतीच्या दिवशी, १४ डिसेंबरला, ‘चिदो’ फ्रान्सच्या ताब्यातल्या मायोत बेटावर गेले. इथे वाऱ्यानेच घात केला. डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या वस्त्या भुईसपाट झाल्या. निवारे उघडले होते, पण कागदपत्रे नसलेल्या अनेक स्थलांतरितांना ती पोलिसांची चाल वाटली आणि ते घरातच थांबले, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. आपणही परदेशातच राहतो. आपल्या गल्लीत, दुकानात, रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात असे कुणी असेल, तर सूचना त्यांच्यापर्यंत पोचते का, आणि पोचली तरी त्यांना पटते का, हे विचारून पाहायला काही हरकत नाही.

पाणी का वाढले?

२०२४ हे नोंदीतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जगात दरवर्षी होणाऱ्या वादळांची एकूण संख्या वाढत चालली आहे, असे दिसत नाही. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावते, आणि तापलेला समुद्र वादळाला जास्त इंधन पुरवतो. म्हणून झालेल्या वादळांतली जोरकस वादळे वाढतात, ती मिल्टनसारखी पाहता पाहता फुगतात, आणि त्यांच्या पोटात पाणी जास्त असते. तुमच्यापैकी ज्यांचे गाव रायगडात आहे, त्यांना ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ आठवत असेल. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, आणि पोफळ पुन्हा धरायला किती वर्षे लागतात ते बागायतदाराला विचारावे.

आपल्या घरापुरते

आता कामाचे. आपला पत्ता कुठल्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये येतो, हे काउंटीच्या नकाशावर एकदा पाहून ठेवा आणि फ्रिजवर लिहून लावा. किनाऱ्यापासून लांब राहत असाल, तर घराजवळचा ओढा कुठून वाहतो आणि मागचा उतार कसा आहे, हे पाहा. रात्री फोनवर येणाऱ्या धोक्याच्या सूचना बंद करू नका. रस्त्यावर वाहते पाणी दिसले की गाडी मागे वळवा. फूटभर वाहते पाणी लहान गाडी उचलते, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. जनरेटर गॅरेजमध्येही लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दर मोठ्या वादळानंतर त्याने माणसे जातात.

आणि विमा. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही. अ‍ॅशव्हिलच्या परिसरात फारच थोड्या घरांचा पुराचा विमा होता, कारण डोंगरात पूर येईल असे कुणाला वाटले नव्हते. सरकारी पूरविमा घेतला तर तो लागू व्हायला सहसा तीस दिवस लागतात. वादळ टीव्हीवर दिसू लागल्यावर घेतलेला विमा त्या वादळाला उपयोगी पडत नाही. अटलांटिकचा हंगाम १ जूनला सुरू होतो. म्हणून एक साधी खूण सांगते. गुढी उभारली की त्याच आठवड्यात विम्याचे कागद काढून पाहा. तीस दिवस हंगामाच्या आत पुरे होतात.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा हंगाम अजून संपलेला नसेल. तो ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. बेरिल, हेलीन आणि मिल्टन ही नावे जागतिक हवामान संघटनेने यादीतून काढून टाकली आहेत. त्यांच्या जागी ब्रियाना, हॉली आणि माइल्स येतील, आणि २०३० मध्ये ती यादी पुन्हा वापरात येईल. यापुढे बातमीत कुठलेही नाव ऐकलेत, की कॅटेगरीच्या जोडीने आणखी दोन प्रश्न विचारा: पाऊस किती, आणि ते पाणी आमच्याकडे कुठून येणार? भाऊबीजेला कॅरोलायनातल्या भावाला किंवा टँपातल्या बहिणीला फोन कराल, तेव्हा त्यांनाही विचारा. दिवाळीच्या शुभेच्छा आहेतच.