चुकारे, व्याज आणि तारखा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून विभक्त होऊन अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, मळणी उरकून धान आधारभूत खरेदी केंद्रावर पोहोचले आणि त्याची मोजणी झाली, की शेतकऱ्याच्या मुखी एकच प्रश्न असतो, तो म्हणजे चुकारे कधी येणार. हे चुकारे आता रोखीने हाती पडत नाहीत. ते थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता, म्हणजे साठ क्विंटल धान विकणाऱ्याच्या खात्यात १,४२,१४० रुपये जमा व्हावयाचे. वर्षभराच्या श्रमाचे हे मोल एकाच दिवशी खात्यात येऊन पडते आणि पुढील रोवणीपर्यंत थोडेथोडे खर्च होत जाते. या मधल्या काळात त्या रकमेवर काय मिळू शकते आणि काय हातचे जाते, याचा हिशेब फार थोड्या घरांतून मांडला जातो, ही मला खरोखर खेदाची गोष्ट वाटते. बँकेच्या खात्यापासून होणारा लाभ हा चतुराईपेक्षा तारखांच्या ज्ञानावर अधिक अवलंबून असतो, असे माझे मत आहे.

बचत खात्याच्या व्याजाचेच पाहा. पूर्वी बँकांचा शिरस्ता असा होता, की महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तीवरच त्या महिन्याचे व्याज धरावयाचे. त्यामुळे बारा तारखेला भरलेली रक्कम त्या महिन्यापुरती निष्फळ ठरे. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने ही पद्धत बदलून रोजच्या शिलकेवर व्याजाची आकारणी सुरू केली, आणि २५ ऑक्टोबर २०११ पासून बचत खात्याचा दर ठरविण्याची मोकळीक प्रत्येक बँकेला दिली. डाकघराच्या बचत खात्यात मात्र दहा तारखेचा जुना नियम अद्याप चालू आहे. तेथील दर ४ टक्के आहे, तर स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये आपला बचत दर अडीच टक्क्यांवर आणला. तेव्हा डाकघरात पैसे ठेवणाऱ्याने ते दहा तारखेपूर्वी भरावेत आणि काढावयाचे असल्यास शक्यतो महिना संपल्यावर काढावेत. एवढी दक्षता घेतली तर त्याला बँकेपेक्षा अधिक व्याज मिळते, न घेतली तर अधिक दराचा उपयोग होत नाही.

परंतु व्याज मिळविण्याच्या आधी व्याज वाचविण्याचा विचार केला पाहिजे, आणि या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या बाबतीत सर्वांत मोठी रक्कम येथेच वाचते. १९९८ पासून चालत आलेल्या किसान क्रेडिट कार्डावर, किंवा सेवा सहकारी संस्थेमार्फत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडून, जो शेतकरी तीन लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदत पीककर्ज उचलतो आणि मुदतीच्या आत त्याची फेड करतो, त्याला केंद्र शासनाकडून ३ टक्क्यांची सवलत मिळते, आणि राज्य शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून आणखी ३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ६ टक्के दराच्या कर्जाचे व्याज व्यवहारतः शून्यावर येते. पन्नास हजारांच्या कर्जावर वर्षाला ही सुमारे तीन हजारांची बचत झाली. दुकानात कार्ड पुढे करून शंभर रुपयांमागे एक रुपया परत मिळविणाऱ्याला तीन हजार मिळविण्यासाठी तीन लाखांची खरेदी करावी लागेल! काही बँका आधी पूर्ण व्याज भरून घेतात आणि सवलतीची रक्कम मागाहून खात्यात येते. अशा वेळी ती आली की नाही हे पासबुक भरून घेऊन तपासणे, आणि न आल्यास शाखेत लेखी अर्ज देणे, हे खातेदाराने स्वतः करावयाचे काम आहे.

या सवलतीची अट मात्र कठोर आहे. खरीप कर्जाची देय तारीख बहुधा ३१ मार्च असते, आणि ती चुकली की त्या वर्षापुरता हा लाभ बुडतो. चुकारे लांबणे ही तर या भागातील जुनी तक्रार. म्हणून फेब्रुवारी संपता संपता ज्याचे चुकारे आले नसतील त्याने गटसचिवाकडे किंवा शाखाधिकाऱ्याकडे जाऊन आपल्या कर्जाची निश्चित देय तारीख आणि व्याजासह रक्कम विचारून घ्यावी. कर्जाचे नवे-जुने करण्यासाठी चार दिवसांकरिता खाजगी सावकाराकडून पैसे उचलण्याची रीत गावोगाव आहे. ते चार दिवस खरोखर चारच राहिले तर हिशेब जमतो, पण नवे कर्ज मंजूर होण्यास दोन महिने लागले तर सवलतीतून वाचलेले सारे सावकाराच्या व्याजात जाते. त्यापेक्षा चुकाऱ्यातील पहिली रक्कम कर्जात भरावी आणि मगच बाकीची तजवीज करावी, हा क्रम मला अधिक सुरक्षित वाटतो.

कर्ज बेबाक झाल्यावर आणि घरखर्चापुरते बाजूला काढल्यावर साठ हजार रुपये पाच महिन्यांपर्यंत लागणार नाहीत, असे धरा. अडीच टक्क्यांच्या बचत खात्यात त्यांवर ६२५ रुपये मिळतील. तेवढ्याच अवधीची मुदत ठेव पाच टक्क्यांनी केली तर १,२५०. ठेव एकाच पावतीची न करता वीस-वीस हजारांच्या तीन पावत्या केल्या, म्हणजे आजारपणात वा लग्नकार्यात एखादीच मोडावी लागते आणि मुदतपूर्व मोडण्याची वजावट उरलेल्या दोहोंना लागत नाही. ज्या भगिनींच्या खात्यात शासकीय योजनेची रक्कम दरमहा येते त्यांच्यासाठी डाकघराची आवर्ती ठेव चांगली: ६.७ टक्के दराने दरमहा पाचशे रुपये भरल्यास पाच वर्षांनी सुमारे ३५,६८० रुपये होतात. येथेही तारीख आहेच. खाते पंधरा तारखेच्या आत उघडले असेल तर पुढील प्रत्येक हप्ता पंधरा तारखेपर्यंत भरावा लागतो, नाहीतर शंभर रुपयांमागे एक रुपया दंड.

अधिक दराच्या मोहाने ठेव कोठेही ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्याच विदर्भातील अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि त्या आघातातून देशात ठेव विम्याचा कायदा जन्मास आला. आज व्यापारी, ग्रामीण व सहकारी बँकांतील प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. पतसंस्था गावाची गरज भागवितात, त्यांतील अनेक सचोटीने चालतात, हे मान्य करूनही वर्षभराच्या पोटाची रक्कम तेथे ठेवण्यापूर्वी हा भेद प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे.

आता कार्डांकडे वळू. दुकानदार कार्डाने पैसे घेतो तेव्हा त्या रकमेचा एक अंश बँकेला शुल्क म्हणून देतो, आणि कॅशबॅक किंवा बक्षीस-गुण म्हणून ग्राहकाला जे परत मिळते ते मुख्यतः त्या शुल्कातून आणि थकबाकीदारांच्या व्याजातून येते. जानेवारी २०२० पासून खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय आणि रुपे डेबिट व्यवहारांवर हे शुल्कच नसल्याने त्यांवर मोठे बक्षीस मिळण्याचा संभव थोडा. ते प्रामुख्याने क्रेडिट कार्डावर मिळते. तेथे वीस हजारांच्या बिलावर एक टक्क्याने दोनशे रुपये परत येतात खरे. परंतु बिलाची पूर्ण रक्कम देय तारखेपर्यंत न भरता ‘किमान रक्कम’ म्हणून हजारच भरले, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, तेही खरेदीच्या दिवसापासून, आणि त्यावर वस्तू व सेवा कर असे सातशेहून अधिक द्यावे लागतात. ज्याचे उत्पन्न पगाराप्रमाणे दरमहा येते आणि जो पूर्ण बिल भरू शकतो, त्याने वार्षिक शुल्क नसलेले कार्ड अवश्य वापरावे. ज्याचे उत्पन्न हंगामाला येते, त्याने ते घेऊ नये. या कार्डाने एटीएममधून रोकड तर कोणीच काढू नये, कारण तिच्यावर बिनव्याजी मुदत मुळीच नसते.

‘तुमचे बक्षीस-गुण आज रात्री रद्द होत आहेत’ असा संदेश आणि सोबत एखादी फाईल भ्रमणध्वनीवर आली, तर ती उघडू नये. ती हमखास फसवणूक असते. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर आणि बँकेला तत्काळ कळवावे. खातेदाराचा व बँकेचाही दोष नसता तिसऱ्याच कोणाच्या कृत्याने रक्कम गेली असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार रुजू केली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या आदेशानुसार खातेदारावर त्याचा भार पडत नाही. सांकेतिक अंक स्वतः सांगितला असेल तर मात्र कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच.

आणि ज्या कार्डाला काहीच बक्षीस नाही असे समजून ते पेटीच्या तळाशी ठेवले जाते, त्या जनधन खात्याच्या रुपे कार्डाविषयी सांगितलेच पाहिजे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या अशा खात्याच्या कार्डावर दोन लाखांचा, आणि त्यापूर्वीच्या खात्यांच्या कार्डावर एक लाखाचा अपघात विमा आहे, ज्यासाठी खातेदाराला एक पैसाही द्यावा लागत नाही. अट इतकीच, की अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत त्या कार्डाचा एकदा तरी यशस्वी वापर झालेला असावा. देवरी-सालेकसाच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्या वा रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या कुटुंबाला या रकमेचे मोल काय, हे सांगावयास नको. आणि न वापरलेल्या कार्डामुळे ती नाकारली जाऊ शकते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. गावातील बँक मित्राकडे वा एटीएमवर दर दोन महिन्यांनी कार्ड लावून शंभर रुपये काढावेत, खात्याला वारसाचे नामनिर्देशन करून घ्यावे, आणि घरातील एका तरी जाणत्या माणसाला कार्ड कोठे ठेवले आहे व अपघात झाल्यास कोणत्या शाखेत विनाविलंब दावा दाखल करावयाचा आहे, हे सांगून ठेवावे.