तिसरा विळा

दिवाळीच्या सुमारास तलासरी तालुक्यातल्या झरीच्या शिवारात भातकापणी सुरू असते आणि हाताहातात विळा दिसतो. दुसरा विळा भिंतींवर आणि लाल बावट्यावर. 23 मे 1945 रोजी याच झरीत सुमारे पाच हजार वारली किसान सभेच्या परिषदेला जमले आणि वेठबिगार करणार नाही असे ठरवून उठले; गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे ती हकिगत मराठी घरांत पोचली. तिसरा विळा मात्र सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाही. तो इथल्या काही माणसांच्या रक्तात असतो. उत्क्रांतीचा धडा शिकवायला माझ्या मते त्याच्याइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. त्यात माकडहाड आणि अक्कलदाढ आहे, लॅमार्कचा जिराफ आहे, डार्विन आहे. हा धडा शाबूत आहे हेही आज सांगण्यासारखे झाले आहे. जानेवारी 2018 मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत ‘माकडाचा माणूस झालेला कुणी पाहिला नाही’ अशा अर्थाचे विधान केले होते. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. 2023 मध्ये 1,800हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्रक काढून त्याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय राहिला, पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

तरी धडा पुस्तकात असला म्हणजे तो कळतोच असे नाही. घोटाळा होतो तो एका म्हणीमुळे. ‘सक्षम तोच टिकतो’ हे वाक्य मराठी कानाला ‘बळी तो कान पिळी’सारखेच ऐकू येते. मूळचा तो शब्दप्रयोग डार्विनचा नाही. हर्बर्ट स्पेन्सरने तो 1864 मध्ये वापरला आणि डार्विनने आपल्या ग्रंथाच्या 1869 सालच्या आवृत्तीत घेतला. तिथून माणसामाणसांत पायऱ्या लावायला लोक मोकळे झाले. डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत सावकार-जमीनदारांनी कान पिळले ते जमिनीच्या आणि कर्जाच्या जोरावर. त्यात निसर्गाने केलेली निवड कुठेच नव्हती.

आता तिसऱ्या विळ्याकडे. नववीच्या पुस्तकात हा आजार ‘दात्रपेशी पांडुरोग’ म्हणून येतो. दात्र म्हणजे विळा, पण दवाखान्यात आणि गावात सगळे सिकलसेलच म्हणतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी वाकून विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, सांधे ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, रक्त कमी होते. आईवडील दोघांकडून हे जनुक आले तर मूल रुग्ण, म्हणजे एसएस. एकाकडूनच आले तर वाहक, एएस. वाहक सहसा आजारी नसतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याच्या वेळी रुग्ण होण्याची शक्यता चारात एक.

आठवड्याच्या बाजारात एखादा खोटा शिक्का फिरत राहावा तसे हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या का फिरत राहिले? औषधोपचार नव्हते तेव्हा एसएस मुले बहुधा वयात येण्याआधीच दगावत. मग निवडीने ते केव्हाच निपटून काढायला हवे होते.

उत्तर हिवतापात आहे. रक्ताचे काही आजार हिवतापापासून संरक्षण देत असावेत, ही कल्पना जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1949 मध्ये थॅलसेमियाबद्दल मांडली. हे हॉल्डेन काही काळ ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. लाल बावट्याच्या गावात सांगायला हरकत नाही. 1957 मध्ये ते भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. सिकलसेलबाबत तीच गोष्ट अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून दाखवली. हिवतापाच्या सखल, दमट भागांत वाहक पुष्कळ, थंड डोंगराळ भागांत नाममात्र. वाहकाच्या पेशीत हिवतापाच्या परजीवीचे नीट फावत नाही, त्यामुळे जीवघेण्या तापातून असे मूल वाचण्याची शक्यता अधिक. महाराष्ट्रातही पालघर, नंदुरबार, गडचिरोली अशा जुन्या हिवतापी जंगलपट्ट्यांतल्या आदिवासी समाजांत हे जनुक आढळते.

म्हणजे इथे टिकला तो सर्वांत बळकट नव्हे. ज्याच्या रक्तात थोडे अधिकउणे होते तो टिकला, तेही डास होते तोवर आणि तिथेच. थंड हवेच्या गावात त्याच जनुकाचा काडीचा फायदा नाही.

हे वर्गात फळ्याविना शिकवता येते. पिशवीत 180 वाल आणि 20 चिंचोके घाला. वाल म्हणजे साधे जनुक, चिंचोका म्हणजे सिकलचे. न बघता दोन-दोन दाणे काढून शंभर जोड्या लावा. दर वेळी आकडे थोडे हलतील, पण हिशेबाने 81 जोड्या वाल-वाल, 18 वाल-चिंचोका आणि एकच चिंचोका-चिंचोका. ती एक जोडी आजाराने गेली म्हणून बाजूला काढा. मग 81 पैकी 9 जोड्या हिवतापाने गेल्या असे धरून त्याही काढा. उरले 180 दाणे, त्यांत 18 चिंचोके: पुन्हा बरोबर दहात एक. आजार एका बाजूने ओढतो, ताप दुसऱ्या बाजूने, आणि काटा हलत नाही.

(इथल्या मुलांना निवड नवी नाही म्हणा. बियाण्यासाठी टपोरी लोंबी राखून ठेवणारी आजी हीच निवड करत असते. उलट घोलवडच्या वाडीतला कालीपत्ती चिकू पाहा. सगळी कलमे, रायणीच्या खुंटावर बांधलेली, म्हणजे एकाच झाडाची शेकडो शरीरे. फरकच नाही तर निवडणार काय?)

डासानेही निवडीचा हाच धडा गिरवला. हिवताप निर्मूलनासाठी देशभर डीडीटी फवारले गेले, 1965च्या सुमारास रुग्ण लाखाच्या आसपास आले, आणि 1976 मध्ये ते 64 लाखांवर गेले. त्याला प्रशासनाची ढिलाई आणि पैशांची चणचणही कारण होती, पण डीडीटीला दाद न देणारे डास वाचले आणि त्यांचीच पिलावळ वाढली, हेही खरे.

आता सिकलसेलची रक्ततपासणी गावोगाव होते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. त्याचे लक्ष्य 2047. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने रुग्णाच्या वेदना कमी होतात. तपासणीत वाहक निघालेल्या मुलीच्या सोयरिकीत खोडा घालणाऱ्यांना मात्र ती पिशवी दाखवावी. तिच्यात एकूण 20 चिंचोके; त्यांतले 18 अशा जोड्यांत, ज्यांना स्वतःला सहसा काही होत नाही.

आणि हिवताप पुरता संपला तर? वालाच्या नऊ जोड्या परत ठेवा. आता 198 दाण्यांत 18 चिंचोके, शेकडा नऊच्या वर. दर पिढीला एसएस असलेले सगळे गेले असे क्रूर गृहीत धरले, तरी दहात एकाचे विसात एक व्हायला दहा पिढ्या लागतात, सुमारे अडीचशे वर्षे. 1945 साली झरीत जमलेल्यांपासून आजच्या दहावीच्या वर्गापर्यंत जेमतेम तीन-चार झाल्या आहेत.