टाचणीएवढा ठिपका, आत तेल

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकसारख्या गावांत भाताची खाचरं लहान. तिथं जुना, छोटा ट्रॅक्टरच सोयीचा. चिखलणीच्या तोंडावर तो बाहेर काढावा, तर हायड्रॉलिकची रबरी नळी तडकलेली. तेल कुठून झिरपतंय हे पाहायला हात सहज नळीवरून फिरतो, आणि तिथंच घात होतो.

मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण 2 बार. चालू हायड्रॉलिकमध्ये तो 150 बारच्याही वर जातो. बारीक भोकातून उडालेलं तेल कातडी भेदून बोटात शिरतं. वर दिसतो एक ठिपका. सुरुवातीला फारसं दुखतही नाही. हळद दाबून माणूस पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल कंडरांच्या कडेनं तळहाताकडे पसरतं, सूज रक्तपुरवठा दाबते. उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं. शेकू नये, चोळू नये; हाताची शस्त्रक्रिया होते असं रुग्णालय काही तासांत गाठावं. तिथं ‘काटा लागला’ म्हणू नये, ‘दाबाचं तेल शिरलं’ असंच सांगावं. नाहीतर धनुर्वाताच्या इंजेक्शनवर भागायचं.

गळती शोधायला हात नको, पुठ्ठा धरावा. नळी सोडण्याआधी अवजार जमिनीवर टेकवावं, इंजिन बंद करून लिव्हर दोन-तीनदा पुढे-मागे करावा, म्हणजे अडकलेला दाब उतरतो.