चार तासांचं हृदय

ऑगस्ट २०१५मध्ये पुण्यातल्या एका दात्याचं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात नेण्यासाठी ग्रीन कॉरिडॉर करण्यात आला, तेव्हा महाराष्ट्राला हा शब्द ओळखीचा झाला. सिग्नल थांबवून वाचवलेल्या मिनिटांमागे एक जुना हिशेब असतो. शरीराबाहेर काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तासच टिकतं. मूत्रपिंड मात्र चोवीस तासांनंतरही बसवता येतं. नवं मूत्रपिंड सुरुवातीला सुस्त राहिलं तर डायलिसिसवर निभावतं. हृदयाला पहिल्या तासापासून पूर्ण काम करावं लागतं.

थंडी नेमकं काय करते? तापमान दर दहा अंशांनी उतरलं की पेशींमधल्या रासायनिक क्रिया साधारण निम्म्या वेगावर येतात. ३७ अंशांवरून ४ अंशांवर आणलं की ऊर्जेची गरज जेमतेम दशांश उरते. १९६०मध्ये स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपण केलं, तेव्हा हृदय थंड सलाइनमध्येच बुडवून ठेवलं होतं. आजही बहुतेक ठिकाणी पद्धत तीच आहे: पोटॅशियमयुक्त थंड द्रावणाने धडधड थांबवायची, हृदय पिशव्यांमध्ये बंद करायचं आणि बर्फाच्या पेटीत ठेवायचं.

पण दशांश म्हणजे शून्य नव्हे. प्राणवायू नसतानाही पेशी थोडी थोडी ऊर्जा खर्चत राहतात आणि लॅक्टिक आम्ल साठत जातं. शिवाय थंडीत पेशीच्या आवरणातले सोडियम बाहेर टाकणारे पंप मंदावतात. गळक्या नावेतलं पाणी उपसणारा माणूस झोपी जावा, तसं होतं: सोडियम आत येतो, त्यामागोमाग पाणी येतं आणि पेशी सुजतात. त्यात बर्फालगतचा भाग शून्याजवळ गेला, तर थंडीची स्वतःची इजा वेगळीच.

म्हणून स्वीडनमधल्या लुंड इथल्या स्टिग स्टीन यांनी वेगळा मार्ग धरला. थंडी ठेवायची, पण उपासमार टाळायची. त्यांच्या पद्धतीत हृदय न धडधडता ८ अंशांवर राहतं आणि तांबड्या रक्तपेशी मिसळलेलं प्राणवायूयुक्त द्रावण एक छोटा पंप हलक्या दाबाने त्याच्या रक्तवाहिन्यांतून फिरवतो. युरोपातल्या आठ देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रत्यारोपणानंतर लगेच नवं हृदय नीट न चालण्याचा गंभीर प्रकार बर्फाच्या गटात २८ टक्के, तर यंत्राच्या गटात ११ टक्के रुग्णांत दिसला. मात्र मृत्यूसह सर्व मोठ्या गुंतागुंती एकत्र मोजल्यावर दिसलेला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात अपुरा ठरला. म्हणजे बर्फाची पेटी लगेच अडगळीत जाणार नाही. जवळच्या प्रवासाला ती स्वस्त आणि सोपी आहे.

यंत्राचा खरा उपयोग लांबच्या अंतरासाठी. जानेवारी २०२४मध्ये फ्रेंच वेस्ट इंडीजमधल्या दात्याचं हृदय अशाच यंत्रात ठेवून प्रवासी विमानाने पॅरिसला आणलं गेलं. अंतर ६,७०० किलोमीटरहून अधिक, हृदय शरीराबाहेर सुमारे १२ तास. पिती-साल्पेत्रिएर रुग्णालयात ते बसवलं आणि नीट चाललं. त्या बेटांवर दाते आधीही होते, पॅरिसमध्ये गरजूही होते. मध्ये अटलांटिक होता. हृदय कोणाला मिळणार हे आजवर बरंचसं अंतरावर ठरे. वेळ वाढला, की रक्तगट, शरीराचा आकार आणि रुग्णाची निकड यांना पहिला मान देता येईल.