व्हेनिस : पाण्यावरच्या नगरीचे पाहुणे

जुन्या मराठी घरांतील दागिन्यांत पुतळ्यांच्या माळेला मानाचे स्थान असे. ही पुतळी मूळची व्हेनिसची. १२८४ साली त्या प्रजासत्ताकाने सोन्याचे डुकाट पाडण्यास आरंभ केला. संत मार्कसमोर गुडघे टेकलेला दोजे, म्हणजे तेथील राज्यप्रमुख, त्या नाण्यावर कोरलेला असे. मिरी-मसाल्याच्या व्यापारातून ही नाणी आपल्या किनाऱ्याला आली आणि त्यांवरील आकृतींमुळे पुतळी म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच नगरीच्या मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या प्रवासवृत्तात ठाण्याचे वर्णन केले आहे. अशा या जुन्या परिचयाच्या नगरीला आज भारतातून अनेक कुटुंबे भेट देतात. परंतु युरोपच्या धावत्या सहलीत तिच्या वाट्याला बहुधा एक दुपारच येते. गर्दीत चौक पाहावा, छायाचित्रे घ्यावीत आणि परतावे, एवढ्यावर व्हेनिस संपत नाही. तेथे कसे जावे व कसे वागावे, हे आधी जाणून घेतले तर ती नगरी वेगळीच भेटते.

चाकांवाचून चालणारे शहर

उथळ खाजणातील शंभराहून अधिक लहान बेटांवर हे शहर वसले आहे. मऊ चिखलात लाकडी खुंट दाटीने ठोकून, त्यांवर पाण्याला दाद न देणारा दगड रचून तेथील वाडे उभारले गेले. १८४६ साली रेल्वेचा आणि १९३३ साली मोटारींचा पूल मुख्य भूमीपासून येथवर आला. परंतु मोटार शहराच्या उंबरठ्यावरच, पियात्साले रोमा येथे, थांबते. पुढे सायकललाही मज्जाव आहे. रुग्णवाहिका, अग्निशामक दल, टपाल, कचरा, एवढेच काय पण अंत्ययात्राही नौकेतूनच जाते.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ एकच : सामान थोडे घ्यावे. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. निवासस्थान ठरविताना खोलीच्या भाड्याबरोबरच नौकेच्या थांब्यापासून तेथवर किती पूल ओलांडावे लागतात, हेही विचारावे. बरोबर वडीलधारी मंडळी असल्यास हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

वाट चुकण्याची कला

पत्ता शोधणे हे येथे एक कोडेच असते. शहराचे सहा विभाग असून घरांचे क्रमांक रस्त्यावार न देता विभागवार दिलेले आहेत. ते काही हजारांपर्यंत जातात. म्हणून नुसता क्रमांक न लिहिता जवळचे चर्च किंवा चौक कोणता, तेही लिहून ठेवावे. गल्लीला ‘काल्ले’, चौकाला ‘कांपो’, लहान कालव्याला ‘रिओ’ आणि काठावरच्या वाटेला ‘फोंदामेंता’ म्हणतात. एवढे चार शब्द लक्षात ठेवले तरी कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पाट्या बोलू लागतात. रिआल्तो, संत मार्कचा चौक व रेल्वे स्थानक यांच्या दिशा दाखविणाऱ्या पिवळ्या पाट्याही ठिकठिकाणी आहेत. तेव्हा एखादी सकाळ निर्धास्तपणे वाट चुकण्यास राखून ठेवावी. मात्र अरुंद गल्लीत उजव्या बाजूने, एकामागून एक चालावे. पुलाच्या मध्यावर घोळका करून थांबू नये, कारण आपल्यामागे कोणी कामावर, तर कोणी बाळाला घेऊन दवाखान्यात निघालेले असते.

नौका कोणती घ्यावी?

आपल्याकडील शहर बसचे काम येथे ‘वापोरेत्तो’ नावाची नौका करते. एकेका फेरीचे तिकीट महाग पडते, म्हणून एक, दोन, तीन किंवा सात दिवसांचा पास सोयीचा. चढण्यापूर्वी तो थांब्यावरील यंत्राला लावावयास विसरू नये. क्रमांक एकची संथ नौका महाकालव्याच्या सुमारे पावणेचार किलोमीटरच्या नागमोडी वळणावरून थांबत थांबत जाते. पहाटे किंवा रात्रीच्या जेवणानंतर तिच्यात बाहेरची जागा मिळाली, तर शेकडो वर्षांचे वाडे ओळीने दृष्टीसमोरून सरकत जातात.

गोंडोलाचे दर नगरपालिकेने ठरवून दिलेले आहेत. भाडे माणशी नसते, ते संपूर्ण नौकेचे असते. म्हणून बसण्यापूर्वी वेळ, दर व मार्ग तिन्ही विचारून घ्यावे आणि गजबजलेल्या पात्रापेक्षा लहान कालव्यांतून नेण्यास सांगावे. नावाडी एका बाजूस उभा राहून एकाच वल्ह्याने ती चालवितो. ती सरळ जावी म्हणून तिची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद बांधलेली असते. हे बारकाईने पाहिले, तर तिकडच्या सुतारांच्या बुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. एवढा खर्च नको असेल, तर ‘त्रागेत्तो’ आहे. महाकालव्यावर अवघे चार पूल असल्याने काही ठिकाणी दोन नावाडी अशाच नौकेतून अल्प मोबदल्यात माणसे पैलतीरी नेतात.

केव्हा जावे, काय खावे

दिवसापुरते येणारे प्रवासी सकाळी दहाच्या सुमारास येतात आणि संध्याकाळी परततात. जो तेथे दोन रात्री राहतो, त्यालाच पहाटेचा रिकामा चौक आणि रात्री पाण्यावर पडणारे दिवे दिसतात. शरद व हेमंत ऋतूंत गर्दी ओसरते, मात्र समुद्राची मोठी भरती याच काळात येते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटीमीटरपर्यंत, तर १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढले होते. खाजणाच्या तीन मुखांशी बसविलेले ७८ लोखंडी दरवाजे ऑक्टोबर २०२० मध्ये प्रथम भरतीविरुद्ध उचलले गेले आणि तेव्हापासून मोठ्या भरतीपासून शहराचे रक्षण होऊ लागले. तरी सखल भागांत थोडेफार पाणी येऊ शकते, म्हणून भरतीचा अंदाज पाहूनच बाहेर पडावे.

शाकाहारी मंडळींनी उपवासाची धास्ती घेऊ नये. तांदूळ व मटार यांचा ‘रिझी ए बिझी’ हा तेथील खास पदार्थ, मात्र त्यात मांस किंवा मांसाचा रस्सा नाही ना, हे विचारून घ्यावे. उभ्याने घेतलेली कॉफी बसून घेतलेल्या कॉफीपेक्षा स्वस्त पडते. चौकांतील नळांचे पाणी पिण्यास उत्तम. रिकामी बाटली बरोबर असली की झाले. चर्चमध्ये जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. संत मार्कच्या चौकात जमिनीवर बसून डबा उघडणे व कबुतरांना दाणे टाकणे यांस मनाई आहे.

घर रिकामे होत आहे

या सर्व सूचनांमागे एक गंभीर गोष्ट आहे. १९५१ साली या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ साली ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. घरे प्रवाशांना भाड्याने दिली जाऊ लागली, भाजीच्या व पावाच्या दुकानांच्या जागी मुखवटे विकणारी दुकाने आली आणि तरुण कुटुंबे मुख्य भूमीकडे निघून गेली. ऑगस्ट २०२१ पासून प्रचंड प्रवासी जहाजांना शहराजवळून जाण्यास बंदी झाली. २०२४ पासून काही ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. निघण्यापूर्वी त्या तारखा पाहाव्यात.

प्रवाशालाही येथे काही करता येते. रिआल्तोच्या मंडईत सकाळी फळे घ्यावीत. काचेची वस्तू घेणारच असाल, तर ती १२९१ पासून काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या मुरानो बेटावर, कारागिराच्या भट्टीजवळ घ्यावी. फ्रारीच्या चर्चमध्ये तिशियनचे भव्य चित्र शांतपणे पाहावे. कान्नारेज्यो विभागात, जेथे १५१६ साली यहुदी रहिवाशांना एका वस्तीत कोंडण्यात आले आणि जगाला ‘घेट्टो’ हा शब्द मिळाला, तेथे क्षणभर थांबावे. २१ नोव्हेंबरला तेथे असाल, तर १६३० च्या प्लेगातून शहर वाचले याच्या कृतज्ञतेने आजही नौकांवरील तात्पुरत्या पुलावरून सालुते चर्चकडे मेणबत्ती घेऊन जाणारी कुटुंबे दिसतील. त्या दिवशी व्हेनिस पुन्हा तेथे राहणाऱ्यांचे होते.

आपल्याकडे पाहुण्याला देव मानतात, आणि त्याच रीतीत पाहुण्याचेही काही कर्तव्य अभिप्रेत असते : यजमानाच्या घराला आपला भार होऊ नये. हे भान ठेवून दोन दिवस राहिलेल्या कुटुंबाला व्हेनिस अधिक दिसते, आणि व्हेनिसलाही अशीच माणसे हवी आहेत.