विद्यार्थी आणि त्याचा प्रबंध

विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत विद्यार्थ्यास पुष्कळदा एक छोटा संशोधनात्मक प्रबंध लिहावा लागतो. तोपर्यंतचा त्याचा सारा अभ्यास दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्यात गेलेला असतो. आता प्रश्नही त्यानेच विचारावयाचा आणि उत्तरही त्यानेच शोधावयाचे, असा प्रसंग प्रथमच येतो. या नव्या जबाबदारीने तो गोंधळतो. दहा ग्रंथ समोर मांडावे, प्रत्येकातील चार पाने उतरून घ्यावी, मध्ये मध्ये दोन वाक्ये आपली घालावी आणि शेवटी देशहिताच्या चार सूचना कराव्या, म्हणजे प्रबंध झाला, अशी त्याची समजूत होते. अशा रीतीने पाने भरतात. परंतु ज्ञानात भर पडत नाही आणि लिहिणाऱ्याच्या बुद्धीसही वळण लागत नाही.

या चुकीचे मूळ बहुधा पहिल्याच पायरीवर सापडते. विद्यार्थी विषय निवडतो, प्रश्न निवडीत नाही. ‘महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची आर्थिक स्थिती’ हा विषय झाला. त्याला ना आदी ना अंत. त्यावर जन्मभर वाचले तरी कोठे थांबावे ते कळणार नाही. उलटपक्षी ‘अमुक गावातील शेतकरी कुटुंबांचा वर्षाचा खर्च त्यांच्या जमिनीच्या उत्पन्नातून भागतो काय?’ हा प्रश्न आहे. त्यास स्थळ आहे, काळ आहे आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा दोन्ही उत्तरांना वाव आहे. शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे होय. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते, त्यासाठी संशोधनाची गरजच नसते.

असा आटोपशीर प्रश्न किती मोठे काम करू शकतो याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या परिसरातच घडलेले आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पवनेच्या काठच्या पिंपळे सौदागर या एका गावाची पाहणी केली आणि ती १९१७ साली ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. साऱ्या दख्खनची स्थिती सांगण्याचा हव्यास त्यांनी धरला नाही. एकच गाव घेतले, परंतु ते मुळापासून घेतले. प्रथम भूमी, पाणी आणि माती. नंतर जमिनीच्या वाटण्या. नंतर पिके आणि गुरेढोरे. आणि या सर्वांनंतर माणसे, त्यांचे उत्पन्न व त्यांचे कर्ज. विद्यार्थ्याने हा क्रम मुद्दाम लक्षात ठेवावा. ज्या गोष्टी डोळ्यांनी पाहता व मोजता येतात त्या आधी, आणि ज्या विचारून किंवा अनुमानाने समजतात त्या मागाहून. पायाशिवाय कळस चढविण्याचा मोह या क्रमाने आपोआप टळतो.

प्रश्न ठरल्यावर वेळेचा हिशेब मांडावा. समजा, हाताशी सोळा आठवडे आहेत. त्यांपैकी तीन आठवडे प्रश्न नक्की करण्यास व पूर्वीच्या लोकांनी त्यावर काय लिहिले आहे ते पाहण्यास द्यावे. सहा आठवडे माहिती गोळा करण्यात जातील. दोन आठवडे ती लावून कोष्टके तयार करण्यास, तीन आठवडे लेखनास आणि उरलेले दोन आठवडे पडताळा पाहण्यास व पक्की प्रत करण्यास राखून ठेवावे. पुष्कळ विद्यार्थी चौदा आठवडे वाचीत राहतात आणि दोन आठवड्यांत लिहितात. मग लिहिताना एखादी उणीव दिसली तरी ती भरून काढण्यास पुन्हा गावात जाण्याइतका अवधी उरत नाही, आणि जेथे माहिती नाही तेथे शब्दांचे अवडंबर माजते.

टिपणे घेण्याची शिस्त वरवर क्षुल्लक वाटते, परंतु प्रबंधाची प्रामाणिकता तिच्यावरच अवलंबून असते. एका टिपणावर एकच मुद्दा लिहावा. वर मथळा असावा. खाली ग्रंथाचे नाव, पृष्ठ किंवा माहिती देणाऱ्याची खूण आणि तारीख असावी. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर ते अवतरणचिन्हांत ठेवावे. आशय घेतला असेल तर तसे नमूद करावे. आणि स्वतःला सुचलेला विचार निराळ्या शाईने लिहावा. कागदाऐवजी संगणकावर टिपणे ठेवली तरी नियम हाच. तीन महिन्यांनंतर कोणते वाक्य कोणाचे हे आठवणीने सांगणे कोणासही शक्य नसते. वाङ्मयचौर्याचे कित्येक प्रकार दुष्ट हेतूने नव्हे, तर अशा गबाळ्या टिपणांमुळे घडतात. मात्र वाचकाच्या दृष्टीने दोहोंत काही फरक नसतो.

ग्रंथांपेक्षा माणसांकडून माहिती मिळविणे अधिक कठीण. एखाद्या शेतकऱ्यास चावडीवर, चार लोकांच्या देखत, ‘तुमच्यावर कर्ज किती?’ असे विचारले तर खरे उत्तर येण्याचा संभव फार थोडा. कोणी अब्रूसाठी आकडा कमी सांगेल, तर कोणी सरकारी मदतीच्या आशेने वाढवून सांगेल. तोच शेतकरी बांधावर बसला असता बियाण्याचा खर्च, बैलजोडीची किंमत, मुलीच्या लग्नास लागलेला पैसा अशा ओघाने सारी हकीकत सांगून जातो. अशी हकीकत सातबाराच्या उताऱ्याशी, पतपेढीच्या पुस्तकाशी आणि बाजारभावाशी ताडून पाहावी. जेथे मेळ बसत नाही तेथे सोयीचा आकडा न उचलता दोन्ही आकडे नोंदवावे. आणि ज्याने विश्वासाने घरची गोष्ट सांगितली, त्याचे नाव प्रबंधात येऊ देऊ नये. विद्यार्थ्यास प्रबंधाबद्दल गुण मिळावयाचे असतात. त्या शेतकऱ्यास काहीच मिळावयाचे नसते, परंतु त्याची लाज मात्र पणास लागलेली असते.

माहिती जमली म्हणजे तिचा अर्थ लावण्याची पायरी येते. तेथे पाय घसरण्याचा धोका सर्वांत मोठा. पिंपळे सौदागर येथील एका खात्याच्या जमिनीची सरासरी मॅन यांनी काढली ती अशी : १७७१ साली ४० एकर, १८१८ साली साडेसतरा एकर, १८२० ते १८४० या काळात १४ एकर आणि १९१४-१५ साली अवघी ७ एकर. हे आकडे पाहताच उत्साही विद्यार्थी लिहून जाईल की, इंग्रजी राज्यामुळे जमिनीचे तुकडे झाले. परंतु पुण्याचा प्रदेश इंग्रजांच्या हाती गेला तो १८१८ च्या सुमारास. आणि ४० वरून साडेसतरावर झालेली सर्वांत मोठी घट त्यापूर्वीची दिसते. मग लोकसंख्या वाढली म्हणावी, की वारसांच्या वाटण्या झाल्या म्हणावे, की कर्जापायी जमिनी विकल्या गेल्या? यांपैकी प्रत्येक कारणास निराळा पुरावा लागेल. शिवाय जुन्या काळी जमीन बिघ्यांत मोजीत. आणि एका नावावर सबंध एकत्र कुटुंबाची शेती असण्याचाही संभव असे. तेव्हा दोन काळांतील ‘खाते’ ही एकच वस्तू आहे काय, हेही तपासावे लागेल. आकडा घट सांगतो. तिचे कारण सांगत नाही.

सरासरीही अशीच फसवी असते. खात्याची सरासरी ७ एकर म्हटल्यावर बहुतेकांपाशी सात एकर असतील असे वाटते. परंतु मॅन यांच्याच पाहणीत शेकडा ८१ खाती १० एकरांच्या आतली आणि शेकडा ६० खाती तर ५ एकरांच्याही आतली आढळली. त्यातच १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती. एका सरासरीमागे लपलेली ही स्थिती वाचकास दाखविणे, हेच कोष्टकाचे काम होय. म्हणून प्रबंधात सरासरीच्या शेजारी वाटणीही द्यावी.

शितावरून भाताची परीक्षा करावी अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि एका गावाचा अभ्यास हा त्याच न्यायाचा. परंतु शिताने परीक्षा होते ती त्याच भांड्यातील भाताची. शेजारच्या चुलीवरील भाताची नव्हे. पिंपळे सौदागर हे पुणे शहर व खडकीची लष्करी वसाहत यांना जवळचे. तेथील माणसास मजुरीसाठी लांब जावे लागत नसे. जिरायत मुलुखातील, शहरापासून दूर असलेल्या गावाची कथा तीच असेल कशावरून? ही शंका मनात दडपून न ठेवता मॅन यांनी कानिटकर यांच्यासह शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाची पाहणी केली व ती १९२१ साली प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यास दुसरे गाव पाहण्याइतका अवधी नसतो, हे खरे. परंतु आपला निष्कर्ष कोठवर लागू आहे आणि कोठे नाही, हे सांगणारी दहा ओळींची कबुली तो देऊ शकतो. अशी कबुली दिल्याने प्रबंध दुबळा होत नाही. परीक्षकास तिच्यातूनच कळते की, लिहिणाऱ्याला आपल्या पायाखालची जमीन ठाऊक आहे.

लेखनाचा क्रम आणि वाचनाचा क्रम एक नसतो. वाचकास प्रथम प्रस्तावना भेटते. लेखकाने ती शेवटी लिहावी. आरंभ ‘माहिती कशी मिळविली’ या प्रकरणापासून करावा, कारण ते काम प्रत्यक्ष केलेले असल्यामुळे लेखणी अडत नाही. त्यानंतर कोष्टके व त्यांचे विवेचन, मग निष्कर्ष व त्यांच्या मर्यादा, आणि सर्वांत शेवटी प्रस्तावना व सारांश. प्रस्तावनेत विचारलेला प्रश्न आणि उपसंहारात दिलेले उत्तर ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावी. ती एकमेकांशी बोलत नसतील तर मधल्या प्रकरणांत कोठे तरी वाट चुकलेली आहे असे समजावे. प्रत्येक परिच्छेदासही हीच कसोटी लावावी : हा काढून टाकला तर उत्तरात काही उणे पडते काय? पडत नसेल, तर तो कितीही परिश्रमाने लिहिलेला असो, त्यास निरोप द्यावा.

भाषेविषयी एवढेच पुरे की, ती साधी व निश्चित असावी. ‘पुष्कळ’, ‘बरेच’, ‘फारच थोडे’ हे शब्द जेथे येतात तेथे आकडा देता येतो काय ते पाहावे. ‘दिसते’, ‘संभवते’ आणि ‘सिद्ध होते’ ही तीन क्रियापदे एकमेकांच्या जागी कधीही वापरू नयेत. कच्चा खर्डा दोन दिवस बाजूस ठेवून मग मोठ्याने वाचावा. डोळ्यांस न दिसलेली चूक कित्येकदा कानास जाणवते. त्या विषयाची माहिती नसलेल्या एखाद्या मित्रास तो वाचावयास देणे तर फारच उपयुक्त. जेथे तो थांबतो, तेथे दोष बहुधा लिहिणाऱ्याचा असतो.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरात सामावून गेले आहे. जेथे एक-एक एकराचे तुकडे मोजले गेले, तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गावाची शेती, गुरे आणि कर्ज पाहावयाचे तर त्या पाहणीकडेच वळावे लागते. पाहणी करणाऱ्यांनी जे पाहिले ते व जे अनुमानिले ते वेगळे ठेवले, म्हणूनच तिच्यावर विसंबता येते. विद्यार्थ्याचा लहानसा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन पडेल, हे खरे. परंतु त्यात नोंदलेले गाव, बाजार किंवा वस्तीही तशीच बदलून जाणार आहे. पुढे कोणी तो प्रबंध उघडील, तेव्हा त्या स्थळाविषयी बोलणारा कदाचित तो एकटाच साक्षीदार असेल. आणि साक्षीदाराने खरे तेवढेच सांगितलेले असावे.