ज्या किल्ल्यावर कधी तोफ डागली गेली नाही

जुलै २०२५मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचं अधिवेशन भरलं होतं. रायगड, राजगड, प्रतापगडापासून थेट तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंतचे मराठ्यांचे बारा किल्ले तिथे यादीत आले, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्याच अधिवेशनात जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने बांधलेल्या चार वास्तूही त्या यादीत दाखल झाल्या. त्यांतली एक आपल्याकडे घरोघरी पोचलेली आहे, फक्त नाव ठाऊक नसतं. पांढरेशुभ्र मनोरे, निळी टोकदार छपरं, मागे आल्प्सचे कडे आणि पायाशी तळी. कॅलेंडरवर, जिगसॉ पझलवर दिसणारा हाच तो नॉयश्वानस्टाइन. डिस्नीलँडच्या परीकथेतल्या किल्ल्यालाही त्यानेच स्फूर्ती दिली.

किल्ल्यांवर वाढलेला मराठी माणूस तिथे पोचला की त्याचे डोळे सवयीने काही गोष्टी शोधतात. दारूकोठार कुठे, चोरदरवाजा कुठे, वेढा पडला तर पाणी किती दिवस पुरेल? यातला एकही प्रश्न इथे लागू होत नाही. नॉयश्वानस्टाइनची पायाभरणी झाली ५ सप्टेंबर १८६९ रोजी. तोवर युरोपात रेल्वे धावत होती, तारायंत्र होतं आणि तोफांपुढे अशा मनोऱ्यांचा काही निभाव लागणार नव्हता. बांधणाऱ्यालाही लढायचं नव्हतंच. १८६६च्या युद्धात प्रशियाकडून हरल्यावर बव्हेरियाच्या राजाचं सैन्यावरचं स्वातंत्र्य गेलं होतं. खरं राज्य हातात उरलं नाही, तेव्हा अठराव्या वर्षी गादीवर आलेल्या या तरुण राजाने स्वतःच्या मनातलं राज्य दगडविटांत उभं करायला घेतलं.

त्याची सुरुवात झाली रंगमंचावरून. वास्तूची पहिली चित्रं काढली ख्रिस्तियान यांक याने, आणि तो होता नाटकाचे पडदे रंगवणारा. वास्तुविशारद त्याच्यानंतर आले. लुडविगला वेड होतं रिचर्ड वाग्नरच्या संगीतनाट्यांचं. हंसाच्या नावेतून येणारा लोहेनग्रिन, गायकांच्या स्पर्धेत उतरणारा टानहॉयझर अशा मध्ययुगीन कथा आतल्या भिंतींवर रंगवल्या आहेत. ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तो वाग्नर मात्र १८८३मध्ये वारला. हे बांधकाम त्याने कधी पाहिलंच नाही.

मध्ययुगाचा हा सगळा देखावा उभा आहे एकोणिसाव्या शतकातल्या अगदी ताज्या तंत्रावर. दगडी वाटणाऱ्या भिंती आतून विटांच्या आहेत, बाहेरून फिकट चुनखडीचे तुकडे लावलेले. सामान वर चढवायला वाफेवर चालणारी यारी होती. खोल्या गरम हवेने उबदार ठेवल्या जात, मजल्यामजल्यावर नळाचं पाणी होतं, शौचालयात आपोआप पाणी सुटत असे, नोकरांना बोलवायला विजेची घंटा होती आणि टेलिफोनसुद्धा होता. बिझँटाइन चर्चच्या धर्तीवर सजवलेल्या सिंहासनाच्या दालनात सिंहासन तेवढं नाही, कारण ते व्हायच्या आत राजा गेला. नियोजित खोल्यांपैकी अगदी थोड्याच पूर्ण झाल्या.

त्याचा शेवटही नाटकी झाला. खर्च सरकारी तिजोरीतून नव्हे, राजाच्या खासगी उत्पन्नातून आणि कर्जातून चालला होता. कर्ज डोईजड झालं तरी नव्या वास्तूंचे आराखडे थांबेनात. जून १८८६मध्ये मंत्र्यांनी त्याला वेडा ठरवून पदच्युत केलं. तो निर्णय देणाऱ्या डॉक्टर गुडेन यांनी त्याची समोरासमोर तपासणीही केली नव्हती. याच वास्तूतून त्याला नेलं, आणि १३ जूनच्या रात्री श्टार्नबर्गच्या तळ्यात राजा आणि डॉक्टर दोघेही मृतावस्थेत सापडले. नेमकं काय घडलं यावर अजून वाद चालतो. परक्याचं पाऊल पडू नये म्हणून बांधलेली ही वास्तू १ ऑगस्टलाच तिकीट लावून लोकांसाठी खुली झाली. नॉयश्वानस्टाइन हे नावसुद्धा राजाच्या मृत्यूनंतरचं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी फ्रान्समधून लुटलेली चित्रं इथे दडवून ठेवली होती, ती १९४५मध्ये अमेरिकी सैन्याच्या हाती लागली.

जागा निवडण्यात मात्र लुडविग कुठे चुकला नाही. आल्प्सचा भाग असूनही इथे पायथ्याची टेकाडं जवळजवळ नाहीत. सपाट कुरणं संपतात आणि डोंगर सरळ उभा राहतो. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, म्हणून त्याचे माथे सपाट आणि किल्ल्यावर टाकी खोदायची सोय. इथले डोंगर मुख्यतः चुनखडीचे, एकेकाळी समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे, पुढे वर रेटले गेलेले. त्यामुळे माथे करवतीसारखे, आणि पाणी वर न राहता खाली तळ्यांत. हिमयुगात हिमनद्यांनी खोलगटे कोरले, बर्फ वितळल्यावर तिथे पाणी साठलं. वास्तूच्या पायाशी असलेलं आल्पझे त्यांतलंच. त्याचा हिरवट निळा रंग म्हणजे प्रकाशाची करणी: स्वच्छ, खोल पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं, आणि चुनखडीचे बारीक कण उरलेला निळा-हिरवा प्रकाश विखरून परत पाठवतात.

वरून दिसणारं सगळ्यात मोठं तळं मात्र निसर्गाचं नाही. फोर्गेनझे हा पूरनियंत्रण आणि विजेसाठी लेश नदी अडवून केलेला जलाशय आहे. काम १९५० ते १९५४ या काळात झालं, आणि फोर्गेन नावाची वस्ती पाण्याखाली गेली. वितळलेल्या बर्फाचं पाणी घ्यायला जागा हवी म्हणून हिवाळ्यात तो रिकामा करतात. वसंतात त्याच्या तळावरून चालता येतं, बुडालेल्या घरांचे पाये दिसतात, आणि इटलीकडून आल्प्स ओलांडून आलेल्या रोमन रस्त्याच्या खुणाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं, तशीच ही गोष्ट. छायाचित्रातला ‘नैसर्गिक’ देखावा हाही इथे अर्धा माणसाचाच आहे, आणि त्यामुळे मला तरी तो कमी देखणा वाटत नाही.

आता प्रत्यक्ष जाण्याविषयी. सहलकंपन्या म्युनिकहून सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणतात. हा सौदा वाईट आहे. आतली फेरी ठरलेल्या वेळेची, गाइडसोबत, साधारण अर्ध्या तासाची. आत फोटो काढू देत नाहीत. बाकी दिवस रांगेत आणि चढावर जातो. त्यापेक्षा म्युनिकहून सुमारे दोन तासांच्या रेल्वेने फ्युसेन गाठावं आणि तिथेच मुक्काम करावा. फ्युसेन हे वीणेच्या जातीच्या ल्यूट या वाद्याचं जुनं माहेरघर. तिथल्या कारागिरांनी १५६२मध्ये आपला संघ स्थापन केला होता. गावातला उंच गढीवजा वाडा खरोखर मध्ययुगीन, ऑग्सबुर्गच्या बिशपांचा. गंमत म्हणजे त्याच्या अंगणातल्या भिंतींवरही नक्षीदार खिडक्या नुसत्या रंगवलेल्या आहेत! या भागाला देखाव्याची हौस लुडविगच्या फार आधीपासून असावी.

फ्युसेनहून बसने थोड्याच वेळात होहेनश्वांगाऊ येतं. तिथला पिवळा वाडा लुडविगच्या वडिलांचा; राजाचं बालपण तिथे गेलं, आणि समोरचं बांधकाम तो तिथून दुर्बिणीतून न्याहाळत असे. नॉयश्वानस्टाइनचं प्रसिद्ध दृश्य दिसतं ते प्योलाट घळीवरच्या मारीएनब्रुके पुलावरून. पुलाखाली घळ सुमारे नव्वद मीटर खोल आहे, तिथे धबधबा आहे, आणि बर्फ साचला की पूल बंद ठेवतात. टेगेलबर्गवर केबलकारने गेलात तर एका बाजूला आल्प्सच्या रांगा आणि दुसरीकडे सपाट बव्हेरिया अशी दोन्ही दृश्यं मिळतात. दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा, उबदार वारा सुटतो त्या दिवशी हवा एवढी स्वच्छ होते की लांबचे डोंगर अगदी जवळ आल्यासारखे दिसतात. स्थानिक लोक त्या वाऱ्यावर डोकेदुखीचं खापर फोडतात, तो भाग वेगळा.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, उन्हाळ्यात दारावर मिळेल या भरवशावर राहू नका. फोर्गेनझेवर बोटीत बसायचं असेल तर जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. हाताशी एकच दुपार असेल, तर आतली दालनं सोडली तरी चालतील, पण आल्पझेच्या काठाकाठाने जाणारी पायवाट चुकवू नका.